मांडवातला अर्धा शब्द

२२ जानेवारी २०१२, रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. पनवेलच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, जिथे आई ब्लाउज शिवत असे, कापण्याच्या टेबलावर मी रेकॉर्डर ठेवला आणि चालू केला. पहिली चूक आईचीच नोंदली गेली. समोरच्या बाईंना ती म्हणाली, "दोन्ही ब्लाउज मंग— आपलं, बुधवारी न्या. मंगळवारी मला उरणला जायचंय."

माझा सगळा विषय त्या एका वाक्यात होता.

माणूस बोलताना स्वतःचं बोलणं ऐकतही असतो. तोंडून चुकीचा शब्द निघतो आहे हे कानाला कळलं की तो थांबतो, आणि मग दुरुस्त करतो. यात दोन अंतरं मोजता येतात: चूक सुरू झाल्यापासून थांबण्यापर्यंतचं एक आणि थांबल्यापासून दुरुस्तीपर्यंतचं दुसरं. दोन्ही मिळून बहुधा एक सेकंदही होत नाही, म्हणूनच कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ध्वनीवर छोटा प्रकल्प केला होता आणि पुढच्या संशोधनासाठी अर्ज करणार होते. माझा प्रश्न असा होता की वेगवेगळ्या भाषांची माणसं शब्दाच्या एकाच जागी थांबतात, की प्रत्येक भाषेची थांबण्याची जागा निराळी असते. उत्तर नसलं तरी चालणार होतं. अर्जासोबत नमुन्यादाखल मोजमाप हवं होतं. मेच्या अखेरीस अर्ज पोचायला हवा होता, आणि ती जागा मला हवी होती. हे मी घरात स्पष्ट सांगितलं होतं.

प्रयोगशाळेत माणसं नीट बोलतात, म्हणजे माझ्या कामाचं बोलत नाहीत. आईच्या खोलीत मात्र अनेक भाषांच्या बायका येत, बसत, वाद घालत, आणि खोली तीच राही. मी भिंतीवर सूचना लावली, प्रत्येकीला विचारलं. नकार कुणीच दिला नाही. एक बाई फक्त म्हणाल्या, "आमची मापं कुणाला ऐकवू नकोस म्हणजे झालं."

"मापं मी मोठ्यानं बोलतच नाही," आई म्हणाली. "एकदा बोलले होते. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत."

महिनाभरात काही गोष्टी दिसू लागल्या. इतक्या थोड्या आवाजांवरून भाषेचा नियम काढता येत नाही हे मला माहीत होतं; तरी दिसलं ते लिहिते. आई आणि मराठी बोलणाऱ्या बहुतेक बायका शब्द मध्येच तोडत, व्यंजनावर, झटकन, आणि पुढे "आपलं" लावून दुरुस्ती करत. शेजारच्या कोकणी मुसलमान बाई तोडत, पण "आपलं"च्या जागी "मतलब" ठेवत. दोन मल्याळी नर्सेस एकत्र येत. त्यांच्यातली एक दुसरीला ब्लाउज कधी मिळणार ते सांगताना "चोव्वाळ्च", म्हणजे मंगळवार, हा शब्द शेवटपर्यंत म्हणाली, मग "अल्ल", म्हणजे नाही, मग "बुधन". पहिल्या दिवशी आईचीही हीच चूक झाली होती, बुधवारच्या जागी मंगळवार. तीच चूक आईने शब्दाच्या मध्यावर सोडली आणि नर्सने शब्द संपवून सोडली. एकच चूक दोन भाषांत मिळणं हा योगायोग होता, पण त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही.

तिसरा प्रकार गुजराती नणंद-भावजयींचा. त्यांचं बाजारात कटलरीचं दुकान होतं. काठाचा रंग सांगताना भावजय म्हणाली, "लीलोऽऽऽ", म्हणजे हिरवा, आणि शेवटचा ओकार धरून नमुन्यांवरून डोळे फिरवत राहिली. मग तोच श्वास पुढे नेत म्हणाली, "पोपटी." शब्द कुठे तुटला नाही, मध्ये शांतता पडली नाही. यंत्रावरच्या आलेखात बाकीच्यांच्या दुरुस्तीच्या जागी फट दिसे. हिच्या दुरुस्तीच्या जागी सपाट पट्टा दिसला.

माझाही आवाज त्या ध्वनिमुद्रणांत होता. वडिलांशी किंवा गावाकडच्या कुणाशी बोलून मी गिऱ्हाइकाकडे वळले की "ना— नाही" असं होई. "नाय" ही चूक नव्हे. आम्ही आगरी, घरात सगळेच "नाय" म्हणतात. मी ती नोंद "चूक" या रकान्यात ठेवू शकले नाही आणि वगळूही शकले नाही. तिच्यासाठी निराळा रकाना केला आणि पुढे गेले.

इथे आत्याबद्दल सांगायला हवं. वडिलांची ही थोरली बहीण गव्हाणला दिली होती आणि ती धवलारीण होती. आगरी घरांत लग्नाची हळद धवल्यांनी लागते. धवले म्हणजे विधीची गाणी. ती म्हणणारी बाई मांडवाशी बसते, सोबत दोघीतिघी ओळ उचलतात, आणि कोणता विधी केव्हा ते तिच्या गाण्यावरून ठरतं. हळदीच्या धवल्यात ती घरातल्या बायकांना नात्याने एकेक करून हाक मारते, आणि हाक आली की ती बाई उठून हळद लावते. आत्याने ते तिच्या सासूकडून घेतलं होतं. गव्हाणपासून नेऱ्यापर्यंत तिला बोलावणी येत. इतर दिवशी ती मिठाच्या पाण्याने तडे गेलेल्या तळव्यांना तेल लावत बसणारी, जरा तिखट जिभेची बाई होती. मांडवात बसली की तिला सगळे अहोजाहो करत.

फेब्रुवारीत नेऱ्याकडच्या एका घरी, नवरीच्या हळदीला, ती अडकली. त्या घरची आजी नुकतीच गेली होती. आत्याला ते माहीत होतं. तरीही, नवरीच्या हळदीत काकीनंतर आजीला हाक येते त्या सवयीने, तिने "आज्" एवढं म्हटलं, आणि तोडलं. मग "आत्या" म्हणून पुढे गेली. मी तिथे नव्हते, पण आईने सांगितलं त्यावरून शांतता फार तर एका श्वासाची होती. तेवढ्यात नवरीची आई हळदीची वाटी खाली ठेवून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशीपासून गावोगाव एकच बोललं जाऊ लागलं: धवलारीण अडकली. ज्या दोन घरांनी तिला पुढच्या लग्नांसाठी सांगून ठेवलं होतं, त्यांनी निरोप पाठवला की यंदा नुसताच डीजे आहे. वडील तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हात दाबायला लावला, भुवया उचलायला लावल्या, वाक्यं म्हणायला लावली, आणि काही नाही म्हणून सांगितलं. वडिलांचं समाधान झालं नाही. माझ्या भावाचं लग्न मे महिन्यात ठरलेलं होतं आणि हळद आमच्या दारात होती. आत्या धवले म्हणणार हे इतकं गृहीत होतं की तिला कुणी विचारलंच नव्हतं. आता वडील तो विषय टाळू लागले.

आत्याला ते कळायला वेळ लागला नाही. ती एका दुपारी गव्हाणहून सहा आसनी रिक्षाने आली आणि थेट माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"तुजी मशीन काय मोजते गो?"

"माणूस बोलताना चुकला तर किती वेळात थांबतो, ते."

"मंग मना बसव."

"तुला कशाला?"

"तुज्या बापाला माजा भरवसा नाय. मशीनचा असंल."

मी तिला बसवलं. गप्पा मारल्या, तिला घाई होईल असे प्रश्न विचारले, नातवंडांची नावं उलट्या क्रमाने सांगायला लावली. ती भरपूर चुकली. तो उद्देशच होता. माझ्या मोजणीत तिचं थांबणं सगळ्यांत जलद निघालेल्यांपैकी होतं, माझ्यापेक्षाही किंचित जलद. याचा अर्थ मला स्वच्छ दिसत होता. थांबणं हा दोष नाही. कान जागा असल्याची ती खूण आहे. काळजी करायची ती, जो चुकतो आणि थांबत नाही, त्याची.

हे मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी वडिलांसमोर मांडलं, आलेख दाखवून. वडील बंदरात क्रेन चालवत. त्यांनी आलेख नीट पाहिला. कागदाला ते कधी उडवून लावत नसत.

"म्हंजे ब्रेक झटकन लागतो," ते म्हणाले.

"हो."

"ब्रेक चांगला हाय, ते बराच. पन झटकन ब्रेक लागला का भार झुलतो. नि खाली मानसा असतान."

मी चुकीची गोष्ट अचूक मोजली होती.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. "तुजा बाप शिकला नाय, पन उंचावर बसतो, त्याला दिसतं," एवढं म्हणाली. मग स्वतःच पुढे बोलू लागली. "चुकला त्याचा काय नाय. मी आदीबी चुकलीय. तवा कोनाला कलला नाय. या बारीला शब्द मोरला. आर्दा हाकारला मी तिला. आर्द्या हाकेनी मानूस येत बी नाय नि जात बी नाय."

"ते तुझ्या सासूने सांगितलं होतं का?"

"तिनी कायच नाय सांगितला. ती गायची, मी आयकायची."

मी तिला म्हटलं, मग आपण गाण्यातलंच मोजू. तू इथे बसून हळदीचा धवला म्हण. मी मध्ये नाती बदलून देईन, तू चुकशील, आणि तू काय करतेस ते मला दिसेल. वडिलांनाही दाखवता येईल.

आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी रेकॉर्डर बंदच केला. "हलद नाय, मांडव नाय, नवरा पाटावर नाय. उगाच बसून धवला गातान का कोन?"

दुसरं एखादं गाणं चालेल का, असं मी विचारणार होते, पण चाललं नसतंच. दुसऱ्या गाण्यात हाका नव्हत्या. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर हा प्रयोग एकदाच करता येणार होता, तोही खऱ्या लग्नात, आणि तो फसला तर निष्कर्षाबरोबर आत्याचं धवलारीणपणही जाणार होतं. सख्ख्या भावाच्या मांडवात जी अडकली, तिला दुसरा कोण बोलावणार?

त्यानंतर मात्र आत्या येतच राहिली. दर आठवड्याला दुपारी यायची, चहा घ्यायची आणि मामीच्या स्टुलावर बसायची. मामी म्हणजे आईच्या भावाची बायको. तीही याच खोलीत काम करायची; हुक लावणं, काजं करणं, हातशिलाई सगळी तिची. आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर काविळीने ती गेली. तिचं मशीन आईने कापडाने झाकून तसंच ठेवलं होतं आणि स्टूल त्याच्यासमोर होतं. तिथे दुसरं कुणी बसत नसे. आत्या विचारल्याशिवाय बसली आणि आईने काही म्हटलं नाही. माझ्या एकाही ध्वनिमुद्रणात मामीचा आवाज नाही. रेकॉर्डर मी तिच्यानंतर घेतला.

आत्या तिथे बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायची. मी तोडणं, संपवणं, ताणणं असे तीन प्रकार तिला एकदा समजावले होते. तेव्हापासून ती मोठ्याने शेरे मारू लागली. नर्स आली की म्हणे, "ही बाय चुकीचाबी शब्द पुरा जेवून उठते." आईवर नजर गेली की म्हणे, "नि ही पानावरून उठते."

एकदा त्या गुजराती नणंद-भावजयी आल्या. भावजय बाहीच्या लांबीचा विचार करत शब्दाच्या शेवटचा ‘आ’ धरून बसली होती. आत्या आईला म्हणाली, "बग कशी तानते, रबरासारका. तुटल म्हंशील, पन नाय तुटत."

"हळू बोला," आई म्हणाली. "त्यांना मराठी येतं."

"मासी, मला ऐकू पण येतं हां," भावजय म्हणाली.

"मंग चांगलाच बोलले ना बाय. तू असा तानतेस क्याला, ते तरी सांग."

भावजय हसली. "माझी सासू आहे ना. मी जरा थांबली की ती मध्ये बोलून घेते. पण शब्द चालू आहे तोपर्यंत कोण बोलणार?"

"मी बोलते," नणंद म्हणाली.

"तू बोलतेस. पण तुला कोण ऐकतं?"

तिघीही हसल्या. मी ते संभाषण लिहून ठेवलं, कारण ताणण्याचं कारण वक्त्यानेच सांगितल्याचं ते माझ्याकडचं एकमेव उदाहरण होतं. बोलण्याची पाळी हातची जाऊ नये म्हणून आवाज चालू ठेवायचा: अर्जात ही ओळ चांगली दिसणार होती. आत्या काय विचार करत होती, याकडे माझं लक्ष नव्हतं. ती मशीनवरच्या कापडाची घडी बोटांनी सरळ करत होती.

एप्रिलमध्ये वडिलांनी विषय काढला. आत्या, आई, मी, भाऊ, सगळे बसलो होतो. वडील म्हणाले, "सांच्याला डीजे हायच. धवला शकुनापुरता दोन ओली होऊ दे. नंतर पोरा नाचतीन."

"दोन ओलींनी कोनाकोनाला बोलवू?" आत्याने विचारलं. "तुज्या बायकोला बोलवू नि बाकीच्यांना बसवू?"

"ताई, मना लोकांचा—"

"मना ठावं हाय तुना लोकांचा काय त्यो."

भाऊ म्हणाला, त्याला कसंही चालेल. त्यावर दोघांनीही त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. आई वडिलांना म्हणाली, "माझ्या पोराला हळद धवल्यावर लागेल. नाय तर मग लावूच नका."

आई अशी क्वचित बोले. मग वडिलांनी तोडगा सांगितला: आत्या पूर्ण म्हणेल, पण डीजेवाला तयार राहील. ती अडकली तर ते हात वर करतील आणि गाणं सुरू होईल. मांडवाला शांतता ऐकू येणार नाही. मला ते क्रूर वाटलं. आत्याला तसं वाटलं नसावं.

"कर हात वर," ती म्हणाली. "पन कराचा तर सरल कर. अर्दा नको."

मी मांडवात रेकॉर्डर ठेवायची परवानगी मागितली. तिने ती दिली. "ठेव. पन माज्याकरं बगू नको. तू बगाला लागलीस का मना वाटतं मी चुकलीच."

हळदीच्या संध्याकाळी दारातला मांडव भरला होता. भाऊ पाटावर बसला होता, उघड्या अंगाने, लाजल्यासारखा. डीजेचे डबे कुंपणापाशी रचलेले होते, आणि त्यांचा माणूस टेबलामागे उभा राहून वडिलांकडे पाहत होता. वडील खांबाशी उभे होते, दोन्ही हात कमरेवर. रेकॉर्डर मी आत्याच्या पुढ्यातल्या तांदळाच्या ताटापाशी ठेवला आणि स्वतः बाजूला, तिच्या नजरेबाहेर उभी राहिले.

तिने सुरुवात नेहमीच्या आवाजात केली. देवांच्या हाका झाल्या, गावदेवीची झाली, मग घर आलं. आईला हाक आली, आईने हळद लावायला घेतली. काकीला हाक आली, काकी उठली. लहानपणापासून इतक्या हळदी ऐकल्या होत्या की नवऱ्याच्या हळदीचा क्रम मला पाठ होता: काकीनंतर मामी, मामीनंतर मावशी. मामी ही ओळ आत्याने मनातून आधीच काढून टाकलेली असणार, असं मी धरून चालले होते. काढली असेलही. पण ओळ काढून टाकली तरी तिची जागा उरते, आणि तोंड त्या जागेवरून जातं.

आत्याने "माम्" म्हटलं आणि तिचे ओठ मिटले.

मला ते पाहावं लागलं नाही, ऐकूनच कळलं. वडिलांचा एक हात कमरेवरून सुटला. डीजेवाल्याने मान पुढे केली. फेब्रुवारीत ज्या जागी शांतता पडली होती, ती हीच जागा.

शांतता पडली नाही. ओठ मिटलेलेच राहिले आणि आवाज चालू राहिला. तिने तो म नाकात धरला, ओळीच्या त्याच सुरावर, न हलवता. सोबतच्या दोघींना वाटलं की इथे आज आळवायचं आहे. त्यांनीही तोंडं मिटून सूर धरला. त्यांच्यामागच्या बायकांनी त्यांचं पाहून धरला. सगळा मांडव बंद तोंडाने एकच सूर गुणगुणत होता, आणि शब्द अजून चालू होता, म्हणून मध्ये कोणी बोललं नाही. आईचा हळदीचा हात भावाच्या खांद्यावर होता. तो तिथेच थांबला. तिने मान वर केली नाही. ही हाक कुणाच्या नावाने सुरू झाली होती, हे त्या मांडवात माझ्याखेरीज तिला कळलं होतं, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

मग आत्याचे ओठ उघडले, आणि त्याच श्वासात "मावशी" आली. मावशी वाटी घेऊन उठली. आईचा हात पुन्हा हलू लागला. वडिलांचा हात खांद्याच्या उंचीपर्यंत गेला होता. तो त्यांनी तसाच मागे नेऊन मान पुसली. डीजेवाल्याला काही समजलं नाही. तो पुढे तासभर तसाच, मान पुढे काढून उभा राहिला, शेवटी कुणीतरी त्याला खुर्ची दिली.

नंतर बायका म्हणाल्या, आज बायने आवाज लावला होता. मागच्या दारी हात धुताना आई आत्याला म्हणाली, "बरं केलंत."

"घसा सुकलाय," आत्या म्हणाली. "पानी दे."

वडिलांनी तांब्या स्वतः आणून दिला. ती उभ्यानेच प्यायली. दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर वहिनीच्या माहेरच्यांनी तिला त्यांच्या धाकट्या मुलीच्या हळदीचं विचारलं, आणि तिने सांगितलं की तारीख ठरली की कळवा, पण डीजेवाला लांब ठेवा, त्याचं तोंड बघून हसू येतं.

त्या दुरुस्तीबद्दल आत्या माझ्याशी कधी बोलली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "धवला तसाच हाय." तो तसा नव्हता, माझ्याकडे तिच्या आधीच्या दोन हळदींचं, नातेवाइकांनी मोबाइलवर घेतलेलं ध्वनिमुद्रण होतं आणि त्यात त्या जागी काहीही धरलेलं नाही. कटलरीच्या दुकानातली ती भावजय पुढे ब्लाउज न्यायला आली तेव्हा आत्या खोलीत होती. दोघींनी एकमेकींच्या बांगड्यांची चौकशी केली, बाकी काही नाही. मी ते दोन ध्वनी, तिचा ओकार आणि आत्याचा म, पडद्यावर एकाखाली एक लावून पाहिले. दोन्ही सपाट पट्टे होते. माझ्या सगळ्या मराठी आवाजांत तसा दुसरा पट्टा नव्हता.

माझे मार्गदर्शक म्हणाले की गाणं हे संभाषण नव्हे, ही नोंद तक्त्यात बसत नाही. त्यांचं बरोबर होतं. मी ती तक्त्यातून काढली, अर्ज वेळेत पाठवला, आणि ती जागा मला मिळाली. काढलेली ओळ पुसली मात्र नाही. ती मूळ फाइलीत सगळ्यात खाली आहे, आणि त्या वर्षातली माझी ती शेवटची नोंद. भाषा: मराठी, आगरी बोली. प्रसंग: हळद. सुरू झालेला शब्द: मामी. तोड: नाही. धरलेला ध्वनी: म. कालावधी: १८३० मिलीसेकंद.